पश्चिमेची भिंत

जीपमधून पाय खाली टाकला तोच दिलमायानं माझे दोन्ही हात धरले. गळ्यात पांढरी रेशमी खादा, पाहुण्याच्या स्वागताची ओढणी, घातली आणि हात सोडायला तयारच होईना. मागे माझ्या टीमची दहा माणसं टपावरून पिशव्या उतरवत होती, त्यांच्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. मला ओढतच ती चढावरून वर निघाली.

"काय म्हणते?" मी हर्कला विचारलं.

"म्हणते, आधी घर बघा. चहा मागनं," हर्क म्हणाला. "दोन वर्सं पुसून ठेवलंय म्हणते."

हर्क लामा हा सिमपानी गावचा गवंडी. तरुणपणी नऊ वर्षं त्यानं इचलकरंजीत एका सूतगिरणीची राखणदारी केली होती. त्यामुळे काठमांडूपासून सहा तासांवरच्या त्या डोंगरात मला कोल्हापुरी मराठी ऐकायला मिळत होती. माझं हिंदी बेताचं आणि नेपाळी त्याहून बेताचं. हर्क नसता तर माझं तिथं काही चाललं नसतं.

ही गोष्ट २०१९ च्या नोव्हेंबरातली. नेपाळचा मोठा भूकंप होऊन साडेचार वर्षं झाली होती. ज्यांची घरं गेली त्यांना स्वयंसेवकांच्या हातून घरं बांधून देणाऱ्या एका संस्थेबरोबर मी दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा सिमपानीला आलो होतो. तेव्हा टीमचा प्रमुख दुसराच होता, मी बांधकामाचा जाणकार म्हणून सोबत होतो. बावीस वर्षं मी लातूरकडे आयटीआयमध्ये पोरांना गवंडीकाम शिकवलं, तेवढ्या पुण्याईवर. त्या खेपेला आम्ही दिलमाया तामाङचं घर बांधलं. तिचा नवरा भूकंपात जुन्या घराच्या भिंतीखाली गेला होता. आता या खेपेला संस्थेनं मला टीमचा प्रमुख केलं होतं, आणि घर बांधायचं होतं ते हर्कचं. गावातली चौदा घरं त्यानं स्वतःच्या हातांनी उभी केली होती. तो मात्र बायको आणि म्हाताऱ्या वडिलांसह अजून पत्र्याच्या छपरात राहत होता.

दिलमायाचं घर पाहण्यासारखं झालं होतं. भिंती पांढऱ्या मातीनं सारवलेल्या, खाली गुडघाभर उंचीचा लाल पट्टा. आत फळीवर घासलेली पितळी भांडी. ती एकेक वस्तू हात लावून दाखवत होती. माझं लक्ष नव्हतं. मी बाहेर आलो, घराला वळसा घालून पश्चिमेच्या भिंतीपाशी गेलो, आणि पिशवीतून ओळंबा काढला.

तीन ठिकाणी धरून पाहिला. दोरा वरपासून खालपर्यंत भिंतीपासून सारख्या अंतरावर. कुठे फुगवटा नाही, कुठे तडा नाही.

"बिराजदार, आल्या आल्या तपासणी?" मागून पेडणेकरबाई आल्या. त्या वेंगुर्ल्याकडच्या. सरकारी हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि टीममध्ये वयानं माझ्यानंतर त्याच. "कशी आहे भिंत?"

"सरळ आहे."

"मग तोंड का पडलंय तुमचं?"

"प्रवास झालाय," मी म्हणालो आणि दोरा गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्कच्या जागेवर मी टीमला गोलात उभं केलं. पाया आधीच भरलेला होता. आम्हाला अकरा दिवसांत भिंती छपरापर्यंत न्यायच्या होत्या. पत्रे गाववाले चढवणार होते. टीममध्ये बँकेतली दोन माणसं होती, एक प्राध्यापक, पुण्याची कॉम्प्युटरवाली चार पोरंपोरी. दगड कुणीच उचलले नव्हते. मी त्यांना भिंत समजावून सांगितली.

"दगडमातीची भिंत एक दिसते, पण असतात दोन. एक आतला पदर, एक बाहेरचा. मध्ये कपच्या आणि माती. धक्का बसला की आतला पदर घरात पडतो, बाहेरचा अंगणात. म्हणून दर दोन हातांवर एक लांब दगड टाकायचा, या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार. तो दोन्ही पदरांना धरून ठेवतो. तो नसेल तर भिंत दिसते, पण असत नाही."

"म्हणजे शर्टाच्या गुंड्या," एक मुलगी म्हणाली.

"तसंच समज."

मग मी त्यांना आमच्याकडचा भूकंप सांगितला, १९९३ चा. उमरगा तालुक्यात माझं गाव. पहाटे धक्का बसला तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो. थोरला भाऊ आणि वहिनी घरात होते. अडीच हात जाडीची भिंत, आजोबांच्या वेळची. सकाळी मी पोचलो तर बाहेरचा पदर अंगणात पडलेला होता, नीट, ओळीनं. आतला त्या दोघांवर. मी दगड उचलत गेलो. आरपार दगड एकही सापडला नाही.

हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या तुकडीला सांगत आलो होतो. पोरं गप्प व्हायची आणि मग नीट काम करायची. त्या दिवशी टीमनंही माना खाली घातल्या. फक्त हर्क माझ्याकडे बघत होता. मी नजर दुसरीकडे वळवली.

पहिले तीन दिवस मी सगळ्यांना छळलं. लांब दगड बसला की वर लाल खूण करायला लावायचो, खूण दिसली नाही तर अख्खा थर उचकटायचो. पोरांच्या हाताला फोड आले. प्राध्यापक एकदा चिडून म्हणाले, "सर, आपण किल्ला बांधतोय का?" हर्क त्याच्या घराचा दगड स्वतः घडवत होता, आणि त्याची बायको दर तासाला येऊन भिंत किती वर आली ते हातानं मापून जात होती. शेजारी म्हातारा छपराच्या दारात घोंगडी पांघरून बसलेला. थंडी वाढत चालली होती. छपराच्या पत्र्यावर सकाळी दव गोठलेलं असायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दिलमायाची मुलगी सुनमाया काठमांडूहून आली. नवरा कतारला, आणि हिला आठवा महिना. पेडणेकरबाई तिला तपासायला गेल्या आणि तासाभरानं हसत परतल्या.

"बाळाचं डोकं खाली आहे, ठोके छान. पुढच्या महिन्यात. खाली दवाखान्यात जायचं कबूल करून घेतलंय, पण बाळंत झाल्यावर इथंच राहणार आहे दोन-तीन महिने. तिच्या आईनं पलंगसुद्धा लावून ठेवलाय."

"कुठे?"

"पलीकडच्या खोलीत. भिंतीला अगदी चिकटून. दुपारचं ऊन त्या भिंतीवर येतं ना, रात्रभर ऊब राहते म्हणे."

"पश्चिमेच्या?"

"असेल. का?"

माझ्या हातात थापी होती. ती मी खाली ठेवली.

"बाई, जरा चला," मी म्हणालो.

आम्ही मक्याच्या रिकाम्या वाफ्यांच्या कडेनं चालत गेलो. मी त्यांना सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

दोन वर्षांपूर्वी दिलमायाच्या घराचे शेवटचे तीन दिवस होते. टीममधली सहा जणं पोट बिघडून आडवी. हर्क कुणाच्या तरी मयतीला वरच्या गावी गेलेला. घर सोपवायचा समारंभ ठरलेला, काठमांडूहून पाहुणे निघालेले, बातमीदार येणार होते. तीन भिंती पुऱ्या झाल्या होत्या. पश्चिमेची खिडकीच्या तळापर्यंतच आली होती. लांब दगड भिंतीवर चढवायला दोन माणसं लागायची, बसवायला वेळ लागायचा. धडधाकट माणसं होती चार. दुपारी मी म्हणालो, लांब दगड राहू द्या, भिंत वर घ्या. दीड दिवसात भिंत वर गेली. चारही भिंतींना वरून बांधणारा लाकडी पट्टा बसवायच्या वेळी हर्क परत आला. त्यानं भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, "सर, लांब दगड?" मी म्हणालो, "आता राहू दे. पट्टा बसव." त्यानं पट्टा बसवला.

"खिडकीपासून वरपर्यंत एकही नाही?" बाईंनी विचारलं.

"एकही नाही."

"आणि तुम्ही परत आलात ते..."

"मला वाटलं, दोन पावसाळे गेलेत, भिंत फुगली असेल. तडा गेला असेल. मग म्हणता येईल की डागडुजी करू या. मला काही सांगावं लागणार नाही, भिंतच सांगेल." मी मागे घराकडे पाहिलं. "ती तर ओळंब्यात आहे."

बाई वाफ्याच्या बांधावर बसल्या. मग म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं वॉर्डात काढली. चूक झाली की डॉक्टर दोन प्रकारे वागतात. काही लपवतात. काही घाईघाईनं नातेवाइकांना सांगून टाकतात आणि स्वतः मोकळे होतात. दोघांचाही रुग्णाला उपयोग नसतो. सांगणार असाल तर पुढे काय करणार ते आधी ठरवा."

"ठरवलंय. भिंतीला भोकं पाडून आरपार सळई घालायची, काँक्रीट भरायचं. आमच्याकडे भूकंपानंतर शेकडो घरांना मी केलंय. दोन दिवसांचं काम."

"मग उद्या सकाळीच सांगा," त्या म्हणाल्या.

सकाळी मी हर्कला घेऊन दिलमायाच्या अंगणात गेलो. ती मक्याची कणसं सोलत बसली होती. सुनमाया दारात उन्हात. दिलमायानं मला बसायला जागा पुसून दिली. अंगणाच्या कडेला दगड रचून तिनं एक ओटा केला होता, त्यावर पाण्याच्या कळशा ठेवायची. मी बसलो नाही.

"हर्क, मी सांगतो तसं तिला सांग. या घराची पश्चिमेची भिंत कच्ची आहे. ती मी कच्ची ठेवली. मला माहीत असताना."

हर्कनं माझ्याकडे पाहिलं. मग दिलमायाला काहीतरी सांगितलं. ती हसली आणि हात हलवून उत्तर दिलं.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, सर म्हणतात भिंत थोडी मजबूत करूया."

"मी हे म्हणालो नाही."

"सर," हर्क हळू आवाजात म्हणाला, "बाई खुशीत हाय. पोरगी आलीया. कशाला?"

"मी म्हणालो तसं सांग. 'जाणूनबुजून'ला तुझ्या भाषेत जो शब्द असेल तो सांग."

त्यानं टोपी काढली, परत घातली. मग खाली बघत सांगितलं. या वेळी त्याला जास्त वेळ लागला. दिलमायाच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. सुनमायानं आईकडे पाहिलं, मग खोलीतल्या पलंगाकडे.

दिलमाया उठली. मला वाटलं आत जाईल. ती अंगणाच्या कडेला गेली, ओट्यावरच्या कळशा एकेक करून खाली ठेवल्या, आणि ओट्याच्या एकेका दगडावर तळवा ठेवत गेली. लांब, घडवलेले दगड, दीड-पावणेदोन हात लांबीचे. शेवटच्या दगडावर हात ठेवून ती माझ्याकडे बघत म्हणाली,

"सात."

तो शब्द नेपाळीतही तोच आहे. हर्कला भाषांतर करावं लागलं नाही.

मग ती बोलत राहिली आणि हर्क तुकड्यातुकड्यानं सांगत राहिला. "म्हणते, नदीवरनं दगड मीच आणलं, पाठीवर. सरांनी सांगितलं हुतं, ह्या भिंतीला सोळा पायजेत. सोळा मोजून आणलं. तुमी गेल्यावर सात उरलं. म्हणते... म्हणते, मला वाटलं सरांचा हिशोब चुकला असंल, कमी लागलं असतील. बरं झालं म्हटलं, कळशा ठेवायला हुतील."

दिलमायानं आणखी एकच वाक्य म्हटलं आणि आत गेली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माझा नवरा असल्याच भिंतीखाली गेला, ते सरांना म्या सांगितलं हुतं."

थोड्या वेळानं आतून पलंग ओढल्याचा आवाज आला.

परतीच्या वाटेवर मी हर्कला म्हणालो, "आज आणि उद्या टीम इथं लावू. भोकं पाडून सळया घालू. परवापासून तुझं काम."

हर्क चालता चालता थांबला. मी त्याला कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"दोन दिस?"

"दोनच."

"सर, तुमच्या मनावर दोन वर्सं वज्झं हुतं. आज उतरलं. आता ते कुनाच्या डोस्क्यावर आलं? माज्या. म्हातारा बाप पत्र्यात झोपतोय. तुमची मानसं अकरा दिस भरलं की इमानात बसून जानार. माजं घर कोन बांधनार मागनं?" त्यानं मागे दिलमायाच्या घराकडे बोट केलं. "त्या दिवशी म्या इचारलं हुतं. लांब दगड, म्हनून. तुमी सर हुता. म्या गप बसलो."

"माझं चुकलं, हर्क."

"ते कळलं," तो म्हणाला आणि त्याच्या छपराकडे न जाता डोंगराच्या वाटेनं निघून गेला.

संस्थेची समन्वयक निर्जला श्रेष्ठ खालच्या बाजारात राहायची. तिशीतली, चटपटीत, हिंदी चांगलं बोलणारी. तिला बोलावून सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला.

"सर, आमच्या कागदावर ते घर पूर्ण झालंय. फोटो छापून आलेत. त्या घरावर टीम लावायची परवानगी मला काठमांडूहून मिळणार नाही."

"मग मागू नका."

"अहवालात काय लिहू?"

"झालं ते लिहा. माझं नाव घालून."

तिनं बराच वेळ फोन हातात धरला आणि मग खिशात ठेवला.

टीमला मी अंगणात उभं करून सगळं सांगितलं. भावाबद्दल बोललो होतो तितक्याच आवाजात बोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. प्राध्यापक म्हणाले, "म्हणजे पहिल्या दिवशी आम्हाला जे सांगितलंत ते..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. पेडणेकरबाईंनी हातमोजे चढवले आणि विचारलं, "सुरुवात कुठून?"

पहिलं भोक मी स्वतः पाडायला घेतलं. बाहेरून एक दगड अलगद सैल केला आणि ओढला. तो निघाला, आणि त्याच्यामागून भिंतीचं पोट बाहेर आलं. कपच्या, वाळकी माती, मूठमूठ खडे. फाटक्या पोत्यातून धान्य सांडावं तसं सांडत राहिलं, थांबेचना. मी हात लावून अडवलं तर बोटांमधून गळत होतं. घाईत मधली भर आम्ही ठोकून बसवलीच नव्हती. मातीच्या लेपाखाली दोन पातळ पदर एकमेकांपासून सुटे उभे होते, मध्ये पोकळी. सळया घालून धरायला आत काही नव्हतंच.

"दोन दिवसांत होईल?" कुणीतरी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "भिंत उतरवावी लागेल. खिडकीच्या तळापर्यंत. पाच दिवस. कदाचित सहा."

पण भिंत उतरवायची तर वरचं छप्पर टेकूवर धरायला हवं, आणि ते काम गवंड्याशिवाय होण्यासारखं नव्हतं. टेकू नीट लागले नाहीत तर पत्र्यासकट सगळं अंगावर. मला ते करता आलं असतं, एके काळी. त्रेसष्टाव्या वर्षी, नवख्या पोरांना हाताशी घेऊन, धाडस होईना. आम्ही भोकापाशी उभे होतो. दिलमाया अंगणात भांडी आणून ठेवत होती, पितळी, घासलेली, एकावर एक. ती आमच्याकडे बघत नव्हती.

दुपार कलल्यावर हर्क आला. दोन्ही खांद्यांवर एकेक ओंडका, मागे त्याची बायको तिसरा घेऊन. त्यानं ओंडके खाली टाकले, भोकाशी येऊन आत हात घातला, मूठभर भर बाहेर काढून पाहिली आणि फेकली.

"छप्पर कोन धरनार हुतं? ह्या बाई?" पेडणेकरबाईंकडे बोट करून तो मला म्हणाला.

"तू येशील असं वाटलं नव्हतं."

"पट्टा म्या बसवलाय ह्याच्यावर. माज्या हातानं." तो कुऱ्हाडीनं ओंडक्याचं टोक तासायला लागला. बायकोशी त्याचं आधीच भांडण झालेलं असावं, तिचे डोळे लाल होते. पण टेकू तिनंच धरला.

सहा दिवस लागले. भिंत आम्ही खिडकीच्या तळापर्यंत उतरवली आणि पुन्हा चढवली. हर्क सांगेल तसं सगळे करायचे, मीही. दिलमायानं ओटा मोडून दगड भिंतीपाशी आणून ठेवले होते. पण हर्कला या खेपेला लांब दगड जास्त दाट हवे होते, सात पुरणार नव्हते, आणखी पाच घडवावे लागले. ते नदीवरून पुण्याच्या पोरांनी पाठीवर आणले, नाम्लो म्हणतात ती पट्टी कपाळाला लावून. भिंत पुरी झाली त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दिलमायानं टीमला गुन्द्रुकचं, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं, गरम कढण आणि भात वाढला. मला सुनमायानं वाढलं. दिलमाया माझ्याशी त्या दिवसानंतर एक शब्दही बोललेली नव्हती.

टीमचे दोनच दिवस उरले. हर्कच्या घराच्या भिंती कमरेइतक्याही झाल्या नव्हत्या. जीप आली तेव्हा मी पिशवी घेऊन निघालो नाही.

घरी फोन लावला. माझी बायको महानंदा. तिला मी सगळं पहिल्यांदाच सांगत होतो. तिनं पुरतं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली,

"मग आता किती दिवस?"

"हर्कच्या नव्या घरावर पत्रे पडेपर्यंत."

"दोन वर्षं झोपेत दचकत होतात. मला वाटायचं भाऊजी आठवतात म्हणून." मग म्हणाली, "स्वेटर दोनच नेलेत. तिथं विकत घ्या आणखी एक. आणि काम नीट करून या."

पेडणेकरबाई त्यांचं तिकीट पुढे ढकलून आणखी दहा दिवस थांबल्या. मी एकोणपन्नास दिवस राहिलो. हर्कचा मजूर म्हणून. माती कालवायची, दगड आणून द्यायचे, तो म्हणेल तिथं धरायचे. तो मला 'सर'च म्हणायचा, पण दगड वाकडा बसला की उचकटून परत माझ्या हातात द्यायचा. गावातली माणसं अधूनमधून येऊन हातभार लावून जायची. पौषात सुनमायाला मुलगी झाली. पंधरवड्यानं पलंग परत पश्चिमेच्या भिंतीला लागला, हे मला हर्कच्या बायकोनं सांगितलं. जानेवारीच्या मध्याला हर्कच्या घरावर पत्रे पडले. त्याच्या वडिलांना खुर्चीत बसवून आत नेलं. म्हाताऱ्यानं भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि जेवायला हाक मारेपर्यंत उघडले नाहीत.

संस्थेचं पत्र नंतर घरी आलं. माझ्या सेवेबद्दल आभार होते. पुन्हा कधी बोलावणं आलं नाही, आणि ते योग्यच होतं. निर्जलानं मात्र अहवालात जसं झालं तसं लिहिलं होतं.

निघायच्या दिवशी हर्क मला जीपपर्यंत सोडायला आला. जीप सुटायच्या बेतात असताना दिलमाया उतारावरून खाली येताना दिसली. हातात काही नव्हतं. खादा नाही, फुलं नाहीत. ती जीपच्या खिडकीशी आली आणि हर्ककडे बघून भराभर बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, गोठ्याची भिंत पडायला आलीया. पावसाच्या आत करायला पायजे." हर्कनं डोकं खाजवलं. "म्या म्हनलं, म्या करतो की. तर म्हणते, न्हाई. त्यांनी यायचं. एकट्यानं."

मी दिलमायाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण पहिल्या दिवशीचं ते हसूही नव्हतं.

"येतो म्हणून सांग," मी म्हणालो.

त्या पावसाच्या आत जाता आलं नाही. मार्चमध्ये सगळ्या जगाचीच दारं बंद झाली. दिलमायानं तो पावसाळा गोठ्याला बांबू लावून काढला, आणि पुढचाही. मी गेलो ते २०२२ च्या फेब्रुवारीत, लातूरहून गोरखपूर, तिथून सीमा ओलांडून बसनं. सोबत कुणी नव्हतं.

गोठा लहान, दोन म्हशींपुरता. मी एकटा असलो तरी आठ दिवसांचं काम. मला सतरा लागले. प्रत्येक थर झाला की दिलमाया हातातलं काम टाकून यायची, वाकून भिंतीत बघायची, एखादा दगड हलवून पाहायची. तिनं मान हलवल्याशिवाय मी पुढचा दगड उचलत नव्हतो.